पाटीच्या अलीकडे

श्टुटगार्ट, ३ जून २०१२

प्रिय मार्गिट,

फोन करत नाही म्हणून नावं ठेवू नकोस. माझं कानाचं यंत्र खणात पडलंय आणि तिथेच राहणार आहे. ते घातलं की मला माझंच चावणं ऐकू येतं, आणि समोरचा म्हातारी समजून ओरडून बोलतो तो वेगळाच. त्यापेक्षा पत्र बरं.

तर ऐक. चौदा ऑक्टोबरला मी पंचाहत्तर वर्षांची होते. रविवार आहे. माझा एकुलता एक भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे तू, दोघांनी यायचंच. आणि ट्रेननं नाही हं, तुमच्या त्या झोपायची सोय असलेल्या कॅम्परनं. एबरहार्ड ती धुडासारखी गाडी माझ्या अंगणात दोन कचऱ्याच्या पिंपांच्या मधोमध एका दमात मागे घेतो, ते बघायला आमच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन उभी राहतात. जन्मभर बस चालवलेला माणूस आहे, उगाच नाही.

फक्त एक गोष्ट. या जानेवारीपासून आमच्या शहरात हिरव्या स्टिकरशिवाय गाडी आणता येत नाही. धूर कमी सोडणारी गाडी हवी म्हणे. मागे पिवळा चालायचा, आता तोही बंद. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर तशी पाटी लावली आहे. तुमच्या गाडीवर पिवळाच आहे असं मला आठवतं. तेवढं वेळेत बघून घ्या.

तुमच्या मुलाकडून, योखेनकडून कळलं की शरदाच्या सुट्टीत आजोबा नातीला घेऊन बोडन सरोवरावर जाणार, दोघंच, कॅम्परनं. स्वेन्या आनंदानं नुसती नाचतेय. पहिली संपत आली आणि कार्टी दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटली आहे. परवा माझ्याकडे आली तर जिन्यातल्या सगळ्या दारांवरची नावं वाचून काढली. तिला घरून न्यायचं म्हणजे पुन्हा शहरातच यायचं, तेव्हा स्टिकर हवाच.

या आठवड्यात झाडलोटीची पाटी माझ्या दारावर टांगलेली आहे, म्हणजे जिना पुसायची पाळी माझी. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवून बघतात. जाते पुसायला.

तुझी रेनाटे


श्टाइनहाल्डे, १२ जून २०१२

प्रिय रेनाटे,

पंचाहत्तरीचं आमंत्रण मिळालं, आम्ही येऊ. पण ट्रेननं येऊ.

गाडीला पिवळाच स्टिकर आहे. हिरवा हवा तर धुराच्या नळीत फिल्टर बसवावा लागतो, आणि इतक्या जुन्या गाडीला तो मिळत नाही असं गॅरेजवाला म्हणतो. एबरहार्डला वाईट वाटतंय, पण नियम तो नियम. तू त्याच्याकडे हा विषय काढू नकोस. स्वेन्याच्या सहलीचंही मग यंदा जमेलसं वाटत नाही. योखेनला मी सवडीनं सांगेन, तू सांगू नकोस.

इकडे अजून थंडी आहे. आल्बच्या डोंगरावर जूनमध्येही स्टोव्ह पेटवावा लागतो हे तुला माहीत आहेच. बटाटे चांगले आलेत. मला हल्ली झोप नीट लागत नाही, त्यामुळे पत्र छोटंच लिहिते.

तुझी मार्गिट


श्टुटगार्ट, २ जुलै २०१२

प्रिय मार्गिट,

काय गं बाई, माझ्याशी खोटं बोलायची वेळ आली तुझ्यावर?

मी एबरहार्डला फोन लावला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना कानाला रिसीव्हर लावून बसवलं आणि त्या मला मोठ्यानं सांगत गेल्या. फिल्टर कधीच बसलाय! ईस्टरला बसवला, गाडीच्या कागदावर तशी नोंदही झाली, आता फक्त स्टिकर आणायचा बाकी आहे. आणि म्हणे, मार्गिट रोज काहीतरी निमित्त काढून ते ढकलते. आज कपडे धुवायचेत, उद्या पाय दुखतोय. बिचारा हसत सांगत होता, पण मला राग आला.

तुला माझ्याकडे यायचं नसेल तर तसं सरळ सांग. आपलं लग्नापासून फारसं जमलं नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे. तुला मी तोंडाळ वाटते आणि मला तू घुमी वाटतेस. पण भावाला माझ्यापासून तोडू नकोस. या वयात उरलंय कोण आम्हाला?

असो. मी त्याला गाडीच्या कागदाची नक्कल पाठवायला सांगितली, ती त्यानं पाठवली. माझ्या गल्लीच्या टोकाला गाड्या तपासतात तिथे गेले, आणि त्या पोरीनं पाच मिनिटांत गाडीचा नंबर घालून हिरवा स्टिकर हातात ठेवला. गोल, मधोमध मोठा चार. आजच त्याच्या नावानं पोस्टात टाकलाय. आता बोल!

रेनाटे


श्टाइनहाल्डे, १० जुलै २०१२

रेनाटे,

तू हे काय करून बसलीस.

रागावून नाही लिहीत. घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. तो अंगणात गाडी धुतोय, तेवढ्या वेळात लिहून होईल. घरातला फोन दिवाणखान्यात आहे, तिथे बोललेला शब्द न् शब्द त्याला ऐकू जातो. कान त्याचे अजून तिखट आहेत. गेलेत ते डोळे.

हो, डोळे. मार्चमध्ये रॉयटलिंगेनच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. माझ्याकडे बघायचं असेल तर तो माझ्या कानाच्या बाजूला बघतो. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. त्यानं मान हलवली, बाहेर आला, आणि मला घेऊन गाडी चालवत घरी आला. तेव्हापासून त्या विषयावर एक अक्षर नाही. डॉक्टर कुणाला सांगू शकत नाहीत, आणि आपल्याकडे एकदा लायसन्स मिळालं की मरेपर्यंत कुणी डोळे तपासत नाही.

मग चालवतो कसा, असं विचारशील. तर माझ्या तोंडानं चालवतो. लग्न झाल्या दिवसापासून मला रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची सवय. तो चिडवायचा मला त्यावरून. आता मी गप्प बसले की तोच म्हणतो, "वाच गं, आज काय झालं तुला?" मी गप्पा मारल्यासारखं म्हणत राहते, पुढे सायकलवाला आहे बघ, सिग्नल लाल झाला वाटतं, उजवीकडून ट्रॅक्टर येतोय. तो मला दिसतंय असंच दाखवतो आणि मीही त्याला दिसतंय असंच दाखवते. रेनाटे, मला गाडीत बसायचीच भीती वाटते. मला गाडी येत नाही. ब्रेक कुठला तेही माहीत नाही.

ईस्टरला फिल्टर बसवायची लहर आली तेव्हा वाटलं, बसवू दे. निदान स्टिकर लांबवता येईल. तुला माहीत आहे त्याचा स्वभाव. पन्नास म्हटलं की पन्नास, बंदी म्हटलं की बंदी. स्टिकर नसेल तर एबरहार्ड त्या पाटीपुढे टायर घालणार नाही, जीव गेला तरी. तेवढा एकच बांध होता माझ्याजवळ, नि तो तू फोडलास.

तुझा स्टिकर काल आला. त्यानं स्वतः लावला, आतल्या बाजूनं, काचेच्या उजव्या कोपऱ्यात, माझ्या जागेसमोर. मग मागे सरकून विचारलं, सरळ आहे ना? मी हो म्हटलं. त्यातला चार उलटा आहे. पाय वर, डोकं खाली.

किल्ली काढून घे असं म्हणू नकोस. त्याच्याबरोबर बस चालवायचा तो होर्स्ट आठवतो? त्याच्या मुलानं गेल्या वर्षी सगळ्यांच्या देखत किल्ली काढून घेतली. गवत कापणीच्या आधी होर्स्ट दगडखाणीतल्या तळ्यात सापडला. पाय घसरला असं सगळे म्हणतात. एबरहार्डनं त्याच्या पेटीला खांदा दिला, आणि घरी येऊन मला म्हणाला, "त्याचं बरोबर होतं." तेव्हापासून तो अंगणात गेला तरी मी खिडकीत जाऊन उभी राहते.

म्हणून योखेनला सांगत नाही. तो तापट आहे, दुसऱ्या दिवशी येऊन तेच करेल. पण पोरगी त्या गाडीत बसता कामा नये. मला काहीतरी सुचव. तो पाणी बंद करतोय, थांबते.

मार्गिट


श्टुटगार्ट, २० जुलै २०१२

मार्गिट,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला पटत नाही.

माझा भाऊ मे महिन्यात तुझ्याबरोबर ट्रेननं माझ्याकडे येऊन गेला. माझ्या हातचं खाल्लं, माझ्या नवीन चपलांना हसला, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोशी थांबून बोलला. आंधळा माणूस असा असतो? वयानं थोडं अंधुक दिसत असेल, मलाही दिसतं. स्टिकर उलटा लागला म्हणून डोळे गेले? मी गेल्या आठवड्यात स्वेटर उलटा घालून चर्चला गेले होते.

तुझं काय होतं सांगू? तू शेजारी बसून सारखी बोलतेस, बघ बघ, थांब थांब. कुणाचंही डोकं फिरेल. तो बिचारा तुझं मन राखायला वाच वाच म्हणतो. एकदा तोंड मिटून बसून बघ, तो कसा झोकात गाडी चालवतो ते! स्वतः कधी शिकली नाहीस म्हणून तुला गाडीची भीती वाटते, आणि ती तू त्याच्या गळ्यात बांधतेस.

होर्स्टचं वाचून मात्र मला रडू आलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

योखेनला मी काही सांगणार नाही. तुझ्यासाठी नाही, एबरहार्डसाठी. त्याच्या मागे त्याच्याबद्दल असं बोलणं मला जमणार नाही.

रेनाटे


श्टाइनहाल्डे, १४ सप्टेंबर २०१२

रेनाटे,

दोन महिने लिहिलं नाही, कारण तुझ्या पत्राचा राग आला होता. आता राग राहिला नाही, नुसती भीती राहिली आहे, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

तोंड मिटून बस म्हणाली होतीस ना? परवा बसले. मुद्दाम नाही. आम्ही म्युन्झिंगेनच्या बाजारातून परत येत होतो. तिथे आलुबुखारचा केक घेतला होता, तो मी गाडीत खायला बसले आणि तुकडा घशात अडकला. ठसका लागला, शब्द फुटेना. नेमकी तिथे रस्त्याची दुरुस्ती चालली आहे, अर्धा रस्ता बंद, तात्पुरता सिग्नल. लाल होता. मी त्याच्या बाहीला धरून ओढत होते आणि तो म्हणत होता, पाणी पी, पाणी पी. गाडी तशीच आत गेली. समोर नारिंगी जाकीट घातलेला माणूस दोन्ही हात हलवत उभा होता, आणि त्याच्या मागे एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. त्या माणसानं तिला बाबागाडीसकट ओढून बाजूला घेतलं. आमचा आरसा त्याच्या कोपराला घासून गेला.

आणि एबरहार्डनं काय केलं ठाऊक आहे? त्यानं त्या माणसाकडे बघून हात हलवला. त्याला वाटलं, कुणीतरी ओळखीचा हात करतोय. म्हणाला, कोण गं तो, आपल्या गॅरेजवाला का?

घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन उलटी केली. त्याला म्हटलं, केक बाधला.

जेवताना तो खुशीत होता. मसुराची आमटी दोनदा घेतली. सरोवराच्या काठाला कुठे गाडी लावायची, स्वेन्याला कुठली बोट दाखवायची, सगळं ठरलंय त्याचं. मी म्हटलं, मीही येते. नको म्हणाला. आजोबा-नातीची सहल आहे. आणि मग, "तू काळजी करू नकोस. पोरगी आता भराभर वाचते. तीच मला सगळ्या पाट्या वाचून दाखवेल."

रेनाटे, हे तो माझ्याकडे न बघता बोलला. म्हणजे त्याला सगळं माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. माझ्या जागी त्यानं सात वर्षांच्या पोरीला बसवायचं ठरवलंय. आणि तिला ठसका लागला तर? ती झोपली तर? खिडकीतून गाय दिसली आणि तिकडेच बघत राहिली तर?

तो वाईट माणूस नाही. तो घाबरलाय. मला वाटतं आमच्या घरात सगळ्यात जास्त तोच घाबरलाय. पण म्हणून काय पोरीचा जीव द्यायचा?

एकदाच विचारते, तू माझ्या बाजूनं आहेस का?

मार्गिट


श्टुटगार्ट, १७ ऑक्टोबर २०१२

प्रिय मार्गिट,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला मुद्दामच उत्तर दिलं नाही. वाचून मी घाबरले होते, ते कबूल करते. पण म्हटलं, लिहिण्यापेक्षा वाढदिवसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

बघितलं! दिवसभर मी त्याच्यावर नजर ठेवून होते. दारात आला तो थेट मला मिठी. कॉफी स्वतः ओतून घेतली, एक थेंब सांडला नाही. पाहुण्यांतल्या प्रत्येकाला नावानं हाक मारली. माझ्या नवीन हिरव्या पडद्यांचं कौतुक केलं. तू त्याला हळूच पडद्यांचं सांगितलं होतंस का, असा प्रश्न मला नंतर पडला, पण मी तो झटकला. एवढी संशयी होऊन मी कुठे जाऊ?

तुम्ही कॅम्पर शहराबाहेरच ठेवून ट्रामनं आलात, तेवढंच मला लागलं. स्टिकर निघून पडला म्हणाला तो. उलटा लावला तर पडणारच. कोबीच्या शेतापाशी गाडी लावून पुढे चालत आलात म्हणे, तेही या वयात. पण त्यातही माझा भाऊ दिसला मला. दुसरा कुणी असता तर तसाच आला असता, रविवारी कोण बघतंय. तो नाही आला.

निघताना ट्रामच्या थांब्यावर माझ्या बऱ्या कानापाशी वाकून म्हणाला, "रेनाटे, दुसरा स्टिकर पाठवू नकोस." कुणाकडून काही घ्यायचं म्हटलं की याच्या जिवावर येतं, लहानपणापासून असाच आहे. मी ऐकते थोडीच! परत त्या गाड्या तपासणाऱ्या पोरीकडे गेले आणि नवा करून आणला. यासोबत आहे. सत्तावीसला स्वेन्याला न्यायला यायच्या आधी लावा, आणि या वेळी सरळ लावा.

केक उरलाय, तो मी जिन्यातल्या सगळ्यांना वाटला.

तुझी रेनाटे


श्टाइनहाल्डे, २१ ऑक्टोबर २०१२

प्रिय रेनाटे,

स्टिकर माझ्या हाती लागला, त्याच्या नाही. तो आत्ता माझ्या एप्रनच्या खिशात आहे. त्याच खिशात गाडीची किल्लीही आहे. ती कशी आली ते सांगते, मग तुला काय वाटायचं ते वाटू दे.

स्टिकर पडला नव्हता. तुझ्या वाढदिवसाच्या सकाळी तो दाढी करत होता, तेव्हा मी तो खरवडून काढला. काचेच्या शेगडीवर उतू गेलेलं खरवडायचं पातं असतं ना, त्यानं. काच पुसून लख्ख केली. मला वाटलं होतं, निघताना बघेल आणि म्हणेल स्टिकर कुठाय, मग घरीच राहू. तो बसला, काच पुसली, आरसा सारखा केला आणि निघाला.

मग मी ठरवलं. अख्ख्या रस्त्यात मी वाचत राहिले, एकही पाटी सोडली नाही. मोठा रस्ता नको म्हटलं, गावागावांतून जाऊ. एश्टरडिंगेनच्या पुढे कोबीची शेतं लागतात, रस्ता सरळ आहे, कडेला ट्रॅक्टर उतरवायची वाट आहे. ती जागा मी मनात धरून ठेवली होती. तिथे आल्यावर मी तोंड मिटलं. तूच म्हणाली होतीस ना, मिटून बघ.

देवा, काय ती दोन मिनिटं होती. माझे पाय गाडीच्या तळाला टेकून असे ताठ झाले होते की रात्री पोटऱ्या दुखत होत्या. आधी तो काहीतरी गुणगुणत होता, ते थांबलं. मग म्हणाला, "मार्गिट?" मी गप्प. "काय आहे पुढे?" मी गप्प. समोर मला शहराची पाटी दिसत होती, तिच्याखाली ती हिरव्या स्टिकरची. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यानं पाय काढला, गाडी हळू हळू होत गेली, कडेच्या मातीत एक चाक उतरलं आणि थांबली. पाटी आमच्यापासून एका शेताइतकी लांब.

तो समोर बघत म्हणाला, "पाटी कसली आहे?"

मी म्हटलं, "तू सांग."

मग म्हणाला, शहराचीच असणार, आलोच की आपण. हिरवा स्टिकर लागतो, तो आहे आपल्याकडे.

"आहे?" मी विचारलं.

त्यानं मान थोडी वाकडी केली, मला बघताना करतो तशी, आणि काचेच्या कोपऱ्याकडे बघितलं. म्हणाला, "आहे की. समोर दिसतोय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याला दिसत नव्हतं, तेच बरं होतं. मग त्यानं माझ्या अंगावरून हात पुढे नेला आणि काचेवर बोट ठेवलं. फिरवलं. खाली, वर, पार कोपऱ्यापर्यंत. पुन्हा एकदा फिरवलं. नंतर दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मला वाटलं आता ओरडेल, मारेल सुद्धा, जन्मात कधी हात उचलला नाही तरी. पण तो अगदी बस चालवताना उतारूंशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "स्टिकर नाही. मग गाडी आत नेता येणार नाही."

उतरला, दार लावलं, चाचपत माझ्या बाजूला आला आणि किल्ली माझ्या कोटाच्या खिशात टाकली. माझा दंड धरला, जणू मलाच आधार हवा होता, आणि आम्ही ट्रामकडे चालत निघालो. वाटेत मी वाचत होते. तुझ्या पडद्यांचं मी सांगितलं होतं, खरं आहे. कॉफी ओतताना तो कपात बोट ठेवतो, ते तुझ्या लक्षात आलं नाही.

घरी आम्ही ट्रेननं परतलो; गाडी त्या कोबीच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं ओढून आपल्या अंगणात ठेवली आहे. शेतकरी भला आहे, त्यानं काही विचारलं नाही.

आता माझी भीती ऐक. त्या दिवसापासून तो बोललेला नाही. हो, नाही, मीठ दे, एवढंच. किल्ली मागत नाही. काल दुपारी काठी घेऊन फिरायला निघाला, आणि निघाला तो दगडखाणीच्या वाटेनं. मी कुंपणाच्या आडून मागे मागे गेले, एप्रनवरच, हाताला पीठ तसंच. तो कुंपणाच्या खांबांना हात लावत लावत तळ्याच्या वरपर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. होर्स्टसाठी तिथे लाकडी क्रूस रोवलाय, त्याच्यावर हात ठेवून. मी हाक मारली नाही. हाक मारली तर दचकेल, असं वाटलं. रेनाटे, मी जन्मात इतकी घाबरले नव्हते, गाडीत सुद्धा नाही. मग तो वळला आणि आला त्याच वाटेनं घरी गेला. मी शेतातून धावत जाऊन त्याच्या आधी पोचले. आत येऊन म्हणाला, बटाटे झाले का?

मी पोरीला वाचवलं आणि त्याला घालवलं, असं तर नाही ना केलं मी? सत्तावीस तारखेला स्वेन्या दारात सामान घेऊन बसेल. तिला काय सांगायचं ते त्यानंच सांगायला हवं, आणि तो फोनकडे बघतही नाही.

स्टिकर फाडू की ठेवू, तेवढं कळव.

तुझी मार्गिट


श्टुटगार्ट, २८ ऑक्टोबर २०१२

प्रिय मार्गिट,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसरा स्टिकर पाठवू नकोस, असं तो मला म्हणाला होता, आणि मी समजले, याला नुसतं घ्यायला जिवावर येतं.

गुरुवारी योखेनचा निरोप आला की आजोबांनी फोन केला, ट्रेननं जायचं ठरलंय, आजीही येतेय, शनिवारी स्वेन्याला स्टेशनवर घेऊन ये. बाकी काही त्याला ठाऊक नव्हतं. मी तुम्हाला कळवलं नाही, पण काल मीही स्टेशनवर आले होते. बघायचं होतं मला. आणि ऐकायचं होतं म्हणून खणातून ते यंत्र काढून कानात घातलं. अख्खं स्टेशन डोक्यात शिरल्यासारखं झालं.

फलाटावर तुमच्या डब्याच्या दाराशी मी उभी होते, लाल कोट घालून. तू मागे बॅगा ओढत होतीस, तुझं लक्ष खाली होतं. पुढे तो आणि स्वेन्या, हातात हात. तो माझ्याकडे बघत आला, अगदी तोंडावर बघत. मी हसले. हातभर अंतरावरून तो निघून गेला. मार्गिट, माझा भाऊ माझ्या अंगावरून गेला आणि त्याला मी दिसले नाही. मी हाक मारणार होते.

तेवढ्यात स्वेन्या फटकळपणे म्हणाली, "आजोबा, डबा कितवा आहे ते लिहिलंय की समोर, तुम्ही वाचत का नाही?"

आणि तो थांबला आणि म्हणाला, "मला दिसत नाही गं राणी. तू वाच."

एवढंच. तिनं वाचलं, सात नंबर, आणि त्याला पायरीवर चढवलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तू मागे उभी होतीस, तूही ऐकलंस, कारण तुझ्या हातातून बॅग सुटली. ट्रेन गेल्यावर मी बाकावर बसून रडले, आणि ते रडणंही मला यंत्रातून ऐकू येत होतं, फार वाईट वाटतं ते ऐकायला.

स्टिकर फाडून टाक. होर्स्टच्या वाटेला त्याला एकट्याला सोडू नकोस, इतक्यात तरी नाही. पुढच्या आठवड्यात मी येते, आपण आलटून पालटून त्याच्याबरोबर फिरायला जाऊ. आणि मी तुझ्या बाजूनं आहे. सप्टेंबरमध्ये विचारलं होतंस, तेव्हा उत्तर दिलं नाही.

सरोवरावरून परत आलात की मला फोन कर. यंत्र मी काढलेलं नाही.

रेनाटे